दिवा लागतो, चाक फिरत नाही

जुलैचा दुसरा आठवडा होता. सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे एका पांदण रस्त्यावर माझी जुनी एसयूव्ही फसली. विदर्भात गाडी अडकत नाही, फसते. शब्द नेमका आहे, कारण ही काळी माती आधी तुम्हाला खुशाल आत येऊ देते. मी छोटा लिव्हर ओढून ‘फोर-एच’मध्ये टाकला. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला. क्लच सोडला तशी मागची चाकं गरगरली, गाऱ्याने मागची काच लिंपून निघाली आणि गाडी आणखी चार बोटं खाली बसली. धुऱ्यावर उभे राहून एक काका बराच वेळ पाहत होते. म्हणाले, “साहेब, पुढचे चाकं त फिरूनच नाही राह्यले.” मी त्यांना दिवा दाखवला. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं आणि बैल आणायला गेले.

पुढच्या आठवड्यात एका गॅरेजात निदान झालं: ट्रान्सफर केस गेली, खाली उतरवून खोलावी लागेल. दुसऱ्या गॅरेजातही तेच. गाडीला हात न लावता दोघांनी सांगितलं होतं, म्हणून मला शंका आली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एक जॅक, चार दगड आणि खडूचा तुकडा एवढ्यावर अर्ध्या तासात खरा दोष दाखवला. तो ट्रान्सफर केसपासून दीड मीटर लांब होता. हे प्रकरण त्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

आधी ताकदीचा रस्ता नीट डोळ्यांसमोर आणू. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून दोन प्रॉपेलर शाफ्ट निघतात, एक मागे, एक पुढे. मागचा शाफ्ट नेहमी फिरत असतो. पुढचा लिव्हर टाकल्यावरच जोडला जातो. प्रत्येक शाफ्टच्या टोकाला हौसिंग असतं, त्यात क्राउन-पिनियन आणि डिफरन्शिअल. डिफरन्शिअलमधून दोन्ही बाजूंना ॲक्सल निघतात. पुढच्या बाजूला मात्र ॲक्सल आणि चाक यांच्यामध्ये आणखी एक दार असतं: हब. हब उघडा असेल तर चाक ॲक्सलला सोडून मोकळं फिरतं. रोजच्या डांबरी रस्त्यावर पुढचा सगळा लोखंडी संसार उगाच फिरवत न्यायला नको, म्हणून ही सोय. थोडक्यात, पुढचं चाक ओढायला दोन ठिकाणी जोडणी व्हावी लागते, एक ट्रान्सफर केसमध्ये आणि एक हबमध्ये. पहिली जोडणी सीटवर बसून लिव्हरने होते. दुसरी कुठे होते, हे अनेक मालकांना गाडी विकेपर्यंत कळत नाही.

या व्यवस्थेला पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणतात. ‘पार्ट-टाइम’ म्हणजे अर्धीमुर्धी असं नव्हे. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के बांधले जातात आणि दोघांना सारखाच वेग ठेवावा लागतो, म्हणून ती थोड्या वेळापुरतीच वापरायची. सारखा वेग का चालत नाही? जिप्सीचं उदाहरण घेऊ. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३७५ मिलिमीटर. वळताना मागचा आस पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालत असेल, तर भूमितीच्या नियमाने पुढचा आस सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येवर चालतो. एका पूर्ण वळशात पुढची जोडी मागचीपेक्षा सव्वातीन मीटरांहून जास्त चालते. शेतात हा फरक माती पोटात घेते, चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. डांबर घसरू देत नाही. मग फरक शाफ्टमध्ये पीळ बनून साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लागल्यासारखी अडखळते आणि लिव्हर परत ‘टू-एच’मध्ये येतच नाही.

जुन्या गाडीच्या ‘लिव्हर जाम’च्या तक्रारींतल्या कितीतरी एवढ्याच असतात. शेतातून बाहेर पडताना लिव्हर काढायचा राहिला, नागपूर रोडवर चार वळणं घेतली आणि आता खुंटी हलत नाही. लोक दोन्ही हातांनी ओढतात, एकाने तर माझ्यासमोर लाथ घातली. करायचं इतकंच: गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा फूट मागे न्यायची. पीळ उलगडतो आणि लिव्हर सुटतो. तरीही नाही सुटला तर एक चाक मातीत किंवा गिट्टीवर घ्यायचं. हे केल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आता खरा प्रश्न. फोर-बाय-फोर ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं? गाडी फसलेली असतानाच हे पाहून ठेवावं, कारण गॅरेजच्या फरशीवर हा पुरावा उरत नाही. कुणाला तरी बाहेर उभं करा, चाकांपासून चांगलं लांब, आणि सांगा: कोणकोणतं चाक फिरतंय ते बघ. पुढचं एक आणि मागचं एक फिरत असेल, तर तुमची फोर-व्हील-ड्राइव्ह ठणठणीत आहे. साध्या डिफरन्शिअलचा स्वभावच असा की दोन्ही बाजूंना सारखाच जोर द्यायचा. एका चाकाखाली निसरडा गारा आला की त्याला फिरवायला नखभर जोर पुरतो, आणि मग दुसऱ्या, कोरड्या चाकालाही तेवढाच नखभर जोर मिळतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरपी जोडी हवेत किंवा गाऱ्यात गेली, तर चार चाकांची गाडीही जागच्या जागी पिसाळते. हा दोष नाही. याला इलाज म्हणजे फळी, दगड, तुऱ्हाट्यांची पेंढी किंवा मुळात त्या बाजूने न जाणं.

टायरही आधी पाहावेत. वर्ध्याची माती म्हणजे फुगणारी चिकणमाती. तिच्या बारीक कणांच्या थरांत पाणी शिरतं, माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात आणि पावसात त्याच भेगांतून पाणी खोल जातं. ओली झाली की ती टायरच्या नक्षीत अशी बसते की नव्या टायरचाही दहा फुटांत गोटा होतो. मधल्या खाचा रुंद असलेला टायर फिरताना हा गारा झटकतो. शहरासाठी केलेला बारीक नक्षीचा टायर तो जपून ठेवतो. अशा टायरवर ट्रान्सफर केस बदलून काय होणार आहे?

बैलांचा विषय निघालाच आहे तर वर्ध्याची एक जुनी गोष्ट सांगून टाकतो. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला गेले. त्या गावाचं सेवाग्राम झालं १९४० मध्ये. वर्ध्याहून वाट जेमतेम आठ किलोमीटरची, पण पावसाळ्यात चिखलाची. त्या काळात जमनालाल बजाज यांच्याकडच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपत, आणि बैल अधिक फोर्ड म्हणून तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. विनोद सोडून यांत्रिकीच्या नजरेने पाहिलं तर हे वाहन आमच्या पांदणीला फार योग्य होतं. बैलजोडीच्या आठ पायांना डिफरन्शिअल नसतं. एक खूर घसरला म्हणून दुसऱ्याचा जोर कमी होत नाही. त्या दिवशी हिंगणीच्या पुढे मीही ऑक्सफर्डचाच प्रवासी झालो होतो.

पुढची चाकं अजिबात फिरत नव्हती, म्हणजे माझ्या गाडीत दोष होताच. मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. “याच्या आधी फोर-बाय-फोर कधी टाकला होता?” मला आठवेना. मागच्या पावसाळ्यात, बहुधा. तो मान डोलावत हसला. वर्धा जिल्ह्यात या यंत्रणेचं दुखणं वापरापेक्षा न वापराचंच जास्त. समृद्धी महामार्ग येळाकेळीवरून जातो, तालुक्यांना जोडणारे रस्ते डांबरी झाले, आणि गाडीला चार चाकं लागतात ती सोयाबीन-कपाशी उभी असताना, शेताकडे जायच्या शेवटच्या दोन किलोमीटरना. अकरा महिने हबमधलं ग्रीस घट्ट होत राहतं, रबर कडक होतं, लिव्हरच्या सांध्यांत गंज धरतो आणि बाराव्या महिन्यात आपण सगळ्यांनी एका हाकेसरशी उठावं अशी अपेक्षा करतो. बोर व्याघ्र प्रकल्पातल्या पर्यटकांच्या जिप्सींचीही गंमत अशीच: गारा व्हायच्या दिवसांत कोअर भाग पर्यटनाला बंद असतो, त्यामुळे सगळ्यात कठीण महिने त्या उभ्याच काढतात.

मग त्याने तपासणी सुरू केली. ही रीत कोणत्याही पार्ट-टाइम गाडीला लागू पडते, म्हणून सावकाश सांगतो.

जागा सपाट, मातीची. जॅक लावण्याआधी मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. इथे जुन्या जीपवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना: त्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच्या ड्रमवर तो लागतो. शाफ्ट धरला जातो, पण एक मागचं चाक जॅकवर उचललंत तर डिफरन्शिअलमुळे ते हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होऊन गाडी सरकते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना! म्हणून दगड हवेतच, आणि जॅकच्या जोडीला पक्का स्टँडही.

मिस्त्रीने गाडी चालू केली, लिव्हर फोर-एचमध्ये टाकला, मातीतच चार-पाच फूट पुढे नेली म्हणजे दाते एकमेकांत बसतील, आणि गिअर न्यूट्रलला आणून इंजिन तसंच ठेवलं. माझ्या गाडीचे हब व्हॅक्यूमवर चालतात. इंजिन बंद केलं तर ते उघडे पडतील आणि परीक्षा खोटी ठरेल. हाताने फिरवून लॉक करायचे हब असतील तर इंजिन बंदच ठेवावं, ते जास्त सुरक्षित. मला सीटवर बसवून कशाला हात लावायचा नाही अशी तंबी दिली आणि पुढचं उजवं चाक जॅकवर वीतभर उचललं.

आता विचार करा. गाडी खरोखर फोर-एचमध्ये असेल, तर हे चाक हाताने फिरता कामा नये. ते ॲक्सलला बांधलेलं, ॲक्सल डिफरन्शिअलला, डिफरन्शिअल पुढच्या शाफ्टला, तो ट्रान्सफर केसमधून मागच्या शाफ्टला, आणि मागची चाकं जमिनीवर दगड लावून ठाम. थोडी ढिलाई सोडली तर चाक हलायलाच नको. त्याने दोन्ही हातांनी चाक ओढलं. ते सहज फिरलं.

“शाफ्ट पाहा,” तो म्हणाला. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टवर त्याने आधीच खडूची रेघ मारून ठेवली होती. रेघ होती तिथेच होती.

सगळं निदान या रेघेत आहे. चाकाबरोबर शाफ्टही फिरला असता, तर जोडणी हबपासून शाफ्टपर्यंत शाबूत आहे आणि तुटलं आहे ते ट्रान्सफर केसमध्ये, असा अर्थ झाला असता. दोन्ही गॅरेजं खरी ठरली असती. शाफ्ट स्तब्ध राहिला, म्हणजे ट्रान्सफर केसचा प्रश्नच अजून आलेला नाही. खोळंबा चाक आणि क्राउन यांच्यामध्ये आहे.

मी लगेच म्हटलं, उजवा हब गेला. मिस्त्रीने मला खाली उतरवून चाकामागे वाकायला लावलं. चाक फिरवलं की आतला ॲक्सलही त्याच्याबरोबर फिरत होता. हब बंद होता, उत्तम होता. मग जोर जातो कुठे? डिफरन्शिअलमधून थेट डावीकडे. उजवा ॲक्सल पुढे फिरला की डावा उलटा फिरतो, आणि डावा हब उघडा असल्यामुळे त्याला कोणी अडवत नाही. जॅक काढून डावीकडे लावला. डावं चाक फिरलं, आणि त्याच्या मागचा ॲक्सल ढिम्म हलला नाही. उजव्या चाकाला हात लावून थांबणाऱ्याने नक्की निर्दोष हब खोलला असता.

आणि म्हणूनच एक हब उघडा राहिला तर पुढची दोन्ही चाकं बाद होतात. मघाचा डिफरन्शिअलचा नियम इथेही तोच: डाव्या ॲक्सलला विरोध नाही, म्हणून त्याला जोर नाही, म्हणून उजव्यालाही नाही. एका बाजूचा ॲक्सल तुटला तरी हेच लक्षण दिसतं, फक्त तुटला तेव्हा ‘फाट्’ असा आवाज सहसा कुणीतरी ऐकलेला असतो. जुन्या जीपमध्ये चाकाच्या सांध्याभोवती लोखंडी गोळा असतो, आतला ॲक्सल डोळ्यांना दिसत नाही. तिथे हबची टोपी काढून पाहावं लागतं.

डावा हब का उघडा होता? व्हॅक्यूमची नळी. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखं आपोआप व्हॅक्यूम मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, बहुतेकदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. तोच ब्रेकच्या बूस्टरलाही पुरवतो. तिथून बारीक रबरी नळ्या एका विजेच्या झडपेतून दोन्ही चाकांपर्यंत जातात. मिस्त्रीने डाव्या हबकडची नळी उपसून तोंडावर अंगठा धरला: ओढ नाही. झडपेपाशी धरला: अंगठा खेचला गेला. मधल्या तीन फुटांत कुठेतरी हवा जात होती. मडगार्डच्या आतल्या बाजूला वाळून दगड झालेला गारा पाडला, तेव्हा त्याखाली नळी उभी चिरलेली निघाली. हातभर नवी नळी, दोन क्लिपा, काम संपलं. झडपेपाशीही ओढ नसती तर पंपाकडे जावं लागलं असतं, आणि तसं असेल तर ब्रेकचं पेडलही कडक झालेलं असतं. तो इशारा मिळाला तर फोर-बाय-फोर विसरा, आधी ब्रेक.

हिरव्या दिव्याचं काय, हे मी शेवटी विचारलंच. “दिव्याले काय जी,” मिस्त्री म्हणाला, “तो त लिवरपाशीच बसला हाय. चाकाचं त्याले काय मालूम?” बऱ्याच जुन्या गाड्यांत दिव्याचं बटण ट्रान्सफर केसवर असतं, आतला दांडा सरकला की ते दाबलं जातं. दांडा सरकला एवढीच बातमी तो देतो. उलटही होतं: बटणाला गंज चढला की दिवा लागत नाही, आणि चारही चाकं व्यवस्थित ओढत असतात.

विजेवर चालणाऱ्या ट्रान्सफर केसच्या गाड्यांत, म्हणजे जिथे लिव्हरऐवजी फिरवायचा स्विच असतो, तिथे निदान कानाने सुरू करायचं. इंजिन बंद, किल्ली चालू, एकाने स्विच फिरवायचा आणि दुसऱ्याने गाडीशेजारी वाकून ऐकायचं. मोटरची ‘घुर्र-टक्’ आली तर वीज पोचते आहे. काहीच ऐकू आलं नाही तर फ्यूज, रिले आणि मोटरचं कनेक्टर, याच क्रमाने. कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज असतो. आणि उंदीर. सोयाबीनची पोती रचलेल्या पडवीत गाडी उभी करणाऱ्यांनी वायरिंगवर हात फिरवल्याशिवाय कुठलाही महागडा कंट्रोल युनिट विकत घेऊ नये, असं मी अनुभवाने सांगतो. दिवा नुसता लुकलुकत राहिला तर अनेकदा गाडी फक्त अट पूर्ण व्हायची वाट पाहत असते: फोर-एलसाठी गाडी थांबलेली आणि क्लच दाबलेला हवा.

लो गिअरबद्दल थोडक्यात. फोर-एलमध्ये चाकांचा जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच घटतो. चढावर जोर पडला की लिव्हर टुणकन बाहेर उडत असेल, तर लोक दात घासले असं धरून चालतात. घासलेले असतीलही. पण आधी इंजिन आणि ट्रान्सफर केसचे रबरी माउंटिंग पाहावेत. ते बसले असतील तर जोर पडताच सगळा सांगाडा तिरका होतो आणि सांधे स्वतःच लिव्हरला बाहेर ओढतात. त्यानंतर लिव्हरला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग. दात सर्वांत शेवटी.

आवाजावरून पुष्कळ कळतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर बदलणारी घूंऽ क्राउन-पिनियनची. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना ‘ठक्’ झालं तर शाफ्टचे क्रॉस, आणि त्यांना ग्रीस कधी मारलं होतं ते आठवायचा प्रयत्न करा. स्टिअरिंग पूर्ण कापून चालवताना ‘टक-टक-टक’ आली तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसून मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. दोनाऐवजी तीन शाफ्ट झाले म्हणजे ढिलाईच्या जागाही वाढल्या. तिची थरथर शोधताना या मधल्या तुकड्याला बहुतेक जण विसरतात.

पाण्याचं दुखणं मात्र गुपचूप येतं. भर दुपारी पन्नास किलोमीटर धावून आलेलं हौसिंग तापलेलं असतं. ते नाल्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेऊ पाहते. त्यासाठी हौसिंगच्या माथ्यावर श्वासाची नळी असते. ती गाऱ्याने बुजलेली असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत येतं. तेव्हा काहीच जाणवत नाही. दिवाळीच्या सुमारास बेअरिंग बोलायला लागतं. धाम, बोर, यशोदा, वणा, कुठल्याही नदीनाल्यातून चाकं बुडवून आणली असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी न हलवता, खालचा ड्रेन बोल्ट जरासा सैल करावा. पाणी जड असल्याने रात्रभरात तळाशी बसतं आणि आधी तेच टपकतं. तेल चहाच्या रंगाचं, दुधाळ झालं असेल तर ते पूर्ण काढून नवं घालावं. ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स शेजारी असतील तर दोन्हींची पातळी पाहावी. मधलं सील गेलं की एकाचं तेल दुसऱ्यात जातं. एक उपाशी, एकाला अजीर्ण, आणि जमिनीवर थेंबही नाही.

राहिला तो सगळ्यांत फसवा प्रकार, जिथे एकही भाग मोडलेला नसतो. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले, समजा त्रिज्येत सहा मिलिमीटरचा फरक. साडेतीनशे मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला तो पावणेदोन टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे ढोबळमानाने किलोमीटरमागे सतरा मीटर. फोर-एचमध्ये तुम्ही सरळ जात असलात तरी गाडी वळत असल्यासारखा पीळ भरत राहते. टायरवर खडूची खूण करून दहा वेढे गाडी ढकलावी, पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेलं अंतर टेपने मोजावं.

टायर सारखे असूनही पीळ भरत असेल तर क्राउनचे दात मोजायची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.८८ होतं, युद्धानंतर आलेल्या नागरी सीजे-२ए जीपचं ५.३८. मुंबईत महिंद्राने १९४७ साली विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, तेव्हापासून आपल्याकडे जीपच्या इतक्या पिढ्या आणि इतकी गुणोत्तरं झाली की भंगारातून आणलेल्या हौसिंगच्या पोटात काय आहे ते बाहेरून सांगता येत नाही.

मी नळी बदलून घेत होतो त्याच दिवशी मिस्त्रीकडे अशी एक जीप उभी होती. मालकाची तक्रार: फोर-बाय-फोर टाकला की सरळ रस्त्यावरही गाडी नांगर ओढल्यासारखी चालते. मिस्त्रीने हँडब्रेक सोडला, दगड लावले, मागचं एक चाक उचललं आणि सावकाश दोन वेढे फिरवलं. एकच चाक फिरत असताना त्याचे दोन वेढे म्हणजे क्राउनचा एक, त्यामुळे शाफ्टचे वेढे मोजले की गुणोत्तर हातात येतं. शाफ्टवरची खडूची रेघ पाचव्या वेढ्याला पूर्ण पोचली नाही, किंचित अलीकडे राहिली. मग पुढे येऊन, हब बंद करून, लिव्हर टू-एचमध्ये ठेवून पुढचं चाक तसंच दोन वेढे. रेघ पाच वेढे करून आणखी तिसरा हिस्सा पुढे गेली. पुढचं हौसिंग दोन वर्षांपूर्वी भंगारातून आणून बसवल्याचं मालकाला तेव्हा आठवलं. दहा टक्क्यांचा फरक होता, किलोमीटरमागे शंभर मीटर.

जोडीचा क्राउन मिळेपर्यंत फोर-बाय-फोर टाकायचा नाही म्हणून मिस्त्रीने पुढचा शाफ्टच उतरवून दिला. मालकाने तो गोठ्यात खुंटीला टांगला. दिवाळीनंतर मला ती जीप सेलूच्या बाजारात दिसली. शाफ्ट अजून गोठ्यातच आहे म्हणाला. मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’चं स्टिकर मात्र नवं लावलं होतं.